मदत हवी आहे: नॉर्वेजियन ‘लिल्ला’मधला ‘ल’ कुठला?

नॉर्वेजियनमध्ये जांभळ्या रंगाला ‘लिल्ला’ म्हणतात. कोशांत माग मिळतो तो असा: फ्रेंच ‘लिला’ हे फुलझाड, त्यामागे अरबी ‘लीलक’, फारसी ‘नीलक’ म्हणजे निळसर, आणि मुळाशी संस्कृत ‘नील’. म्हणजे आपल्या ‘निळ्या’चाच नातलग! त्या झाडाला मात्र नॉर्वेत ‘सिरीन’ म्हणतात. ‘लिल्ला’ रंगापुरताच राहिला.

इंग्रजी आणि नॉर्वेजियन कोश पाहून झालेत. फारसी-अरबी लिपी मला वाचता येत नाही, त्यामुळे गाडी तिथेच अडली आहे. ‘ओरांश’ (नॉर्वेजियनमधला नारिंगी रंग) आणि ‘नारिंग’चं नातं माहीत आहे, ते नको. संदर्भ मराठी, हिंदी किंवा इंग्रजीतला चालेल.

‘नीलक’चा ‘लीलक’ फारसीतच झाला की अरबीत गेल्यावर? आणि त्याचा जुना लेखी दाखला कुठे सापडेल?