मदत हवी आहे : आधी तापमान वाढते, मग कार्बन डायऑक्साइड, याला काय उत्तर द्यावे?

शिक्षिका_कराड : परवा वादविवाद स्पर्धा आहे आणि माझ्या विद्यार्थिनींना ‘तापमानवाढ मानवनिर्मित आहे’ ही बाजू मांडायची आहे. प्रतिपक्षाकडे तो आलेख आहे, ज्यात तापमान आधी चढते आणि कार्बन डायऑक्साइड मागाहून. ‘मागून येणारी गोष्ट कारण कशी?’ या प्रश्नापाशी मुली अडतात. ‘वैज्ञानिकांचे एकमत आहे’ हे उत्तर मला नको. कृपया थेट मुद्द्याचे सांगावे.

हिमरेषा : ‘तो आलेख’ म्हणजे कोणता? गेल्या दीडशे वर्षांचा, की हिमयुगांचा?

शिक्षिका_कराड : हिमयुगांचाच, दुसरा कोणता असणार! अंटार्क्टिकातील वोस्तोक येथे खोलवरून काढलेल्या बर्फातील नोंदींचा.

हिमरेषा : मग प्रतिपक्षाचे निरीक्षण नव्हे, निष्कर्ष चुकतो आहे. हिमयुग ओसरण्याची सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतील आणि आसाच्या कलातील संथ बदलांनी होते; समुद्र तापू लागला की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तोच पुढची तापमानवाढ घडवतो. म्हणजे तिथे तो परिणामही आहे आणि कारणही. आज मात्र समुद्र हा वायू सोडत नसून आपण सोडलेल्या वायूचा सुमारे चौथा हिस्सा शोषून घेत आहे, त्यामुळे तो जुना क्रम आजच्या काळाला लावता येत नाही.

कृष्णाकाठ : सूर्याला विसरू नका. मी सौरडागांच्या, म्हणजे सूर्यावर दिसणाऱ्या काळ्या डागांच्या, नोंदी अनेक वर्षे पाहत आलो आहे; डाग कमी तेव्हा सूर्य थोडा मंद असतो. १६४५ ते १७१५ या काळात डाग जवळजवळ नाहीसे झाले होते आणि तेव्हा लंडनची थेम्स नदी गोठत असे.

हिमरेषा : सूर्याला कोणीही विसरलेले नाही. १९७८ पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजत आहेत. तिच्यात वाढीचा कल नाही, तरी तापमान चढतेच आहे. शिवाय सूर्यामुळे तापले असते तर वातावरण वरपर्यंत तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होत आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला तर असेच होईल, हे हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या गणितातून १९६७ मध्येच निघाले होते. माझ्या मते मुलींचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

हिरवी_सोसायटी : वादविवादापेक्षा महाविद्यालयाच्या गच्चीवर सौरपॅनेल बसवून घ्यावीत. आमच्या सोसायटीने बसवली आणि वीजबिल बरेच उतरले.

शिक्षिका_कराड : ते मी विचारलेले नाही. हवेत वाढलेला कार्बन माणसाचाच आहे आणि ज्वालामुखींचा नाही, हे कशावरून?

रसायन_नाशिक : सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. १९९१ मध्ये फिलिपीन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा तर त्याच्या गंधकयुक्त कणांमुळे पृथ्वी काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने थंडावली होती. शिवाय हवेतील प्राणवायू किंचित घटतो आहे. काहीतरी जळते आहे, याची ती खूण आहे, कारण ज्वालामुखीच्या वायूला प्राणवायू खर्ची पडत नाही. औद्योगिकीकरणापूर्वी दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आज ४२० च्या वर गेला आहे.

कृष्णाकाठ : थेम्सचे उत्तर अजूनही कोणी दिलेले नाही.

रसायन_नाशिक : गोठलेल्या थेम्सवर १६०८ मध्येही बाजार भरला होता, म्हणजे आपण सांगता त्या काळाच्या आधीच. जुन्या लंडन पुलाच्या अरुंद कमानींमुळे प्रवाह मंदावत असे आणि पाणी लवकर गोठे. तो पूल १८३१ मध्ये पाडण्यात आला.