'मालकीण' म्हणजे मालकाची बायकोच का?

अमळनेरकर : मेक्सिकोतल्या सिनालोआत घडणारी, अमली पदार्थांच्या टोळीवरची एक कथा मराठीत आणतोय. नवऱ्याचा खून होतो, धंदा नायिका हातात घेते. माणसं तिला 'पात्रोना' म्हणतात, मी 'मालकीण' लिहिलं. आईने खर्डा वाचून विचारलं, "मालक तर मेला, मग हुकूम कोण देतं?" खरंय. आमच्याकडे सालदार मालकिणीला भाकरीचं विचारतो, उचल मागायची ती मालकाकडेच. पाटलीण, सावकारीण, शेठाणी, सगळ्या कुणाच्या तरी बायकाच. दुसरा शब्द सुचवा.

धुळेकर ताई : भाऊ, हे एकट्या मराठीचं नाही. कोलंबियातल्या अमली पदार्थांच्या टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार नुसता 'एल पात्रोन', म्हणजे मालक. त्याच धंद्यातल्या ग्रिसेल्दा ब्लांकोला मात्र 'माद्रिना', म्हणजे धर्ममाता, नाहीतर मेलेल्या नवऱ्यांवरून 'काळी विधवा'. 2012 मध्ये कोलंबियातल्या मेडेयिनला तिला गोळ्या घातल्या, तेव्हाही हीच नावं चालली. मेक्सिकोतली याच धंद्यातली सांद्रा आविला बेल्त्रान 2007 मध्ये पकडली गेली, ती 'पॅसिफिकची राणी'. बाईच्या हाती सत्ता आली की ती आई, राणी नाहीतर विधवाच का व्हावी?

शिरपूरकर : आमच्याकडे केळी कापणाऱ्या एका टोळीचा मुकादम वारला, टोळी बायकोने सांभाळली. आधी सगळे 'मुकादमीण' म्हणायचे. ज्या हंगामात उचल तिने स्वतः वाटली, कामचुकाराला तिनेच घरी पाठवलं, तेव्हापासून मजूर विचारू लागले, "मुकादम उनी का?" शब्द तोच, फक्त क्रियापद बाईचं. सरपंचाचंही तेच. तुम्ही बिनधास्त 'मालक आली' लिहा.

जळगावचे अप्पा : मालक अरबी, मुकादमही अरबी. आपल्या भाषेत 'स्वामिनी' असताना उसनं कशाला?

शिरपूरकर : अप्पा, पिस्तूल घेऊन उभा असलेला माणूस 'स्वामिनी' अशी हाक मारेल का? मजूर बोलतात ती आपली भाषा नाही का?

धुळेकर ताई : मला त्याहून खटकलं ते तुम्ही टाकलेल्या पानावरचं, नायिकेबद्दलचं 'तिची अब्रू लुटली'. गुन्हा त्यांनी केला आणि गमावलं तिने? सरळ 'बलात्कार केला' लिहा.

अमळनेरकर : ताई, तो तिथल्या म्हाताऱ्याच्या तोंडचा शब्द आहे. तो तसंच बोलणार.

धुळेकर ताई : म्हाताऱ्याचं राहू द्या. पुढच्याच परिच्छेदात निवेदकही 'अब्रू गेल्यावर तिने बंदूक उचलली' म्हणतो. तिचा राग अब्रूचा आहे की मारलेल्या नवऱ्याचा, हे त्या एका शब्दाने ठरतं.

जळगावचे अप्पा : मुकादम म्हणजे पुढे केलेला. म्होरक्याही तोच, म्होरं असतो तो. मग 'म्होरकी' का नको?

शिरपूरकर : म्होरकी चालेल, पण तिच्यापुढे कुणी मान खाली घालेल असं वाटत नाही.