मदत हवी आहे: श्रवणयंत्र बसवल्यानंतरचा पाठपुरावा कसा करावा?

मी श्रवणतज्ज्ञ असून रुग्णालयाबाहेर, वस्तीपातळीवर प्रौढांची श्रवणतपासणी करण्याचे आणि त्यांना श्रवणयंत्रे बसवून देण्याचे काम करते. वयोमानाने येणाऱ्या श्रवणदोषात आधी उच्च वारंवारतेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात, ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटतात, आणि म्हणूनच ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. कानाच्या नळीतील ध्वनिपातळी प्रत्यक्ष मोजून यंत्र जुळवले, तरी काही आठवड्यांनी अनेकांची यंत्रे डबीतच पडून असल्याचे आढळते.

यंत्रातील बिघाड हे त्याचे कारण क्वचितच असते. बऱ्याच वर्षांनी भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या पावलांचाही आवाज एकदम ऐकू येऊ लागल्याने माणूस गांगरतो. मेंदूला या आवाजांची नव्याने सवय व्हायला वेळ लागतो हे मी समजावून सांगते, परंतु घरी धीर देणारे कोणी नसेल तर ते समजावणे टिकत नाही, याची मला फार काळजी वाटते. बोटांना कंप असलेल्यांची बारीक बॅटरी बदलण्याची अडचण चार्ज होणाऱ्या यंत्रांनी बरीचशी सुटते.

पहिल्या महिन्यातील पाठपुरावा गटाने घ्यावा की प्रत्येकाचा स्वतंत्र? समोर बसून, सावकाश बोलण्याचे मार्गदर्शन कुटुंबीयांना कोणत्या भेटीत दिलेले उपयोगी पडते? स्वयंसेवकांची मदत घेत असल्यास, अचानक घटलेली श्रवणशक्ती आणि कानातील स्राव यांखेरीज कोणती लक्षणे दिसताच त्यांनी व्यक्तीला तातडीने डॉक्टरांकडे पाठवावे, हेही अनुभवी सहकाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.