तात्यासाहेबांना मूल नव्हतं म्हणून ‘नटसम्राट’? काहीही!

गंगापूररोडकर: सकाळपासून एकच पोस्ट फिरतेय. म्हणे, तात्यासाहेब शिरवाडकरांना मूलबाळ नव्हतं, ती सल त्यांनी ‘नटसम्राट’मधल्या कृतघ्न मुलांवर काढली. लिहिणाऱ्याने नाटक वाचलंय का? नट नानासाहेब फाटकांना शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’, मुलींना राज्य वाटून देशोधडीला लागलेला राजा, करायचा होता, त्यांनी तात्यासाहेबांच्या मागे लकडा लावला, आणि त्यातून 1970 मध्ये सगळं मुलांना देऊन बसलेला म्हातारा नट आप्पा बेलवलकर उभा राहिला. म्हणजे ती मुलं लिअरच्या घरून आलीत, तात्यासाहेबांच्या टिळकवाडीतल्या घरातून नाही. शिवाय ती राक्षसही नाहीत. मुलगी नलू बापावर चोरीचा आळ घेते तेव्हा चीड येते, कबूल. पण आप्पांचा ऐसपैस स्वभाव कुठल्याच संसारात मावणारा नव्हता, हेही त्याच लेखणीने लिहून ठेवलंय. मूल नसलेला माणूस सूड म्हणून नाटक लिहितो, हा कुठला न्याय?

तांबटलेन: लिअर काय सगळ्या जगाने वाचलाय. ‘नटसम्राट’ एकानेच लिहिलं. तात्यासाहेब जन्माने गजानन रंगनाथ, काकांना दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. असा माणूस कर्णावर ‘कौंतेय’ लिहितो, ते काय नुसतं महाभारत चाळून? कुसुमाग्रज हे नावसुद्धा धाकट्या बहिणीवरून घेतलेलं. घर त्यांच्या लेखणीतून कधी बाहेर पडलंच नाही.

द्राक्षबागवाला: दत्तक तेव्हा घरोघरी जायचे हो. आमचे आजोबा ओझरला चुलत्यांना दत्तक गेले. जन्मभर बाग केली, एक ओळ लिहिली नाही.

तांबटलेन: मग तुमच्या आजोबांना ज्ञानपीठ मिळालं नाही, त्यात माझा काय दोष?

सिडकोचे_आजोबा: ‘कौंतेय’ राहू द्या बाजूला. जिवंतपणी घर मुलांच्या नावावर करू नये, बाकी ‘नटसम्राट’मध्ये आहे काय? मी केलं. बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क 200 रुपये, मुलगा खूश. आता गोळ्यांची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून ठेवतो आणि कुणाची नजर जाते का बघत बसतो.

नाशिकरोडची_सून: आजोबा, आमच्या सासऱ्यांनी आम्हाला दमडी दिली नाही, घर थोरल्या दिरांना. शेवटचे सहा महिने अंथरुणात होते तेव्हा भांडं द्यायला कोण होतं? मीच. नाटकात मात्र शारदेसारखी सून दिसली की थिएटर दात-ओठ खातं. तिच्या स्वयंपाकघरात एक दिवस उभं राहून बघा कुणीतरी.

गंगापूररोडकर: अहो, धागा नाटकाचा आहे!

कोर्टकचेरी: आजोबा, 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा, कलम 23. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ केला नाही तर रद्द करून मागता येते. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा. बक्षीसपत्रात तशी अट आहे ना?

सिडकोचे_आजोबा: पोटच्या पोराला घर देताना अट? वकिलाने सुचवलं होतं, झापला त्याला. आजही झापीन.

तांबटलेन: घ्या! आप्पांनी तरी कुठे अट घातली होती? गंगापूररोडकर, तुमच्यापेक्षा आजोबांना नाटक जास्त कळलंय.

गंगापूररोडकर: वा! म्हणजे ज्यांना मुलगा आहे त्यांचं दुःख, ज्यांना नव्हता त्यांनी नेमकं लिहिलं. मी वेगळं काय म्हणत होतो? आणि तुमचं ते ‘कौंतेय’ दिलं तुम्हाला, न्या.

तांबटलेन: दिलं म्हणे! तुमच्या वाड्यातली खोली आहे का ती?

नाशिकरोडची_सून: शारदेवर एक जण बोलला नाही. चालू द्या.

सिडकोचे_आजोबा: प्रांतांचं ऑफिस शनिवारी उघडं असतं का?