लाळेच्या रिपोर्टवरून स्थळ मोडायचं?

परळकर: चुलतभावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या बहिणीचं ठरत आलं होतं, दादरला बैठकही झाली. मग मुलाकडच्यांनी तिची जनुकचाचणी मागितली. पोरीने नळीत लाळ दिली, रिपोर्ट आला: ‘धोका जास्त’, लाल अक्षरांत. आता ते गप्प आहेत.

माझं स्पष्ट मत, मानसिक आजारांची जनुकं शोधणाऱ्या संशोधनाचा आकड्यांचा पायाच कच्चा आहे. 1987 मध्ये अमेरिकेतल्या आमिश या धार्मिक समुदायाच्या कुटुंबांत उन्माद-नैराश्याचं जनुक सापडल्याचा गाजावाजा झाला. 1989 मध्ये फेरतपासणी झाली. निरोगी म्हणून मोजलेले दोघं मधल्या काळात आजारी पडले होते, त्यामुळे पुरावा ढासळला. 2003 मध्ये न्यूझीलंडच्या 847 जणांवरून सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी निगडित एका जनुकाचा ताणानंतर येणाऱ्या नैराश्याशी संबंध जोडला. त्यावर वर्षानुवर्षं पेपर निघाले. 2019 मध्ये अशी 18 नावाजलेली जनुकं लाखोंच्या नमुन्यात तपासली, तर ती इतर कुठल्याही जनुकापेक्षा सरस ठरली नाहीत.

मीनल: तुझी उदाहरणं खरी, निष्कर्ष चूक. तेव्हा आवडतं जनुक निवडून थोडक्या लोकांत शोधायचे. आता अख्खा जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए चाळतात. जवळपास दहा लाख स्वतंत्र चाचण्या होतात, म्हणून योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकाहून कमी असेल तरच निकाल धरतात. 2022 च्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाचे 76,755 रुग्ण होते, जीनोमवर आजाराशी जोडलेल्या 287 जागा मिळाल्या. हा पाया कच्चा नाही.

परळकर: पण त्यातले बहुतेक युरोपीय वंशाचे. अशा जागांची बेरीज करून काढलेला धोक्याचा गुणांक आपल्या माणसांना लावला की अचूकता घसरते, आणि एकेका जागेचा परिणाम नखाएवढा.

वरळीची आई: सगळंच खोटं म्हणू नका हो. माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया झाला तेव्हा नातेवाईक म्हणाले, आईने लाडावून ठेवला. डॉक्टरांनी आनुवंशिकता समजावली, त्या रात्री मी पहिल्यांदा झोपले. त्यांनी हेही सांगितलं की एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला हा आजार झाला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला होत नाही. मग बहिणीचं स्थळ कशाला अडवता?

मीनल: काकू, अगदी बरोबर. हजारोंच्या गटाबद्दल जे पक्कं, ते एका मुलीचं भविष्य नव्हे. परळकर, तुलना कुठल्या लोकसंख्येशी केली ते रिपोर्टात आहे का?

परळकर: चारही पानं पाहिली. एक शब्द नाही. रविवारी मुलाच्या वडिलांकडे जातोय, रिपोर्ट घेऊन. तुझे आकडेही वहीत उतरवलेत.