मदत हवी आहे: गरोदरपणात अ‍ॅडालिमुमॅब (संधिवाताचं इंजेक्शन) चालू आहे, बाळाच्या बीसीजीचं (क्षयाच्या लसीचं) काय करायचं?

मला आरए, म्हणजे संधिवात आहे. बाळाचा विचार सुरू केला तेव्हा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टांनी (संधिवाताच्या डॉक्टरांनी) मेथोट्रेक्सेट हे औषध बंद केलं. सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळ्यांवर भागेना, म्हणून टीबीच्या तपासण्या करून अ‍ॅडालिमुमॅब सुरू केलं. आता सहावा महिना आहे. गरोदरपणात आरए शांत होतो म्हणतात. बऱ्याच जणींचा होतोही, माझा नाही झाला. त्यामुळे इंजेक्शन इतक्यात थांबेल असं वाटत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

अडलंय ते बाळाच्या लसींपाशी. टीएनएफ अल्फा हे सायटोकाइन (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते प्रथिन) सांध्यांना सूज आणतं, पण क्षयाचे जंतू शरीरात कोंडून ठेवायलाही तेच लागतं. अ‍ॅडालिमुमॅब त्यालाच अडवतं. शिवाय ही अँटीबॉडी असल्याने शेवटच्या महिन्यांत वार ती बाळाकडे भरभरून पोचवते. जन्मताना बाळाच्या रक्तातली पातळी आईपेक्षाही जास्त असू शकते. आणि बीसीजी ही जिवंत लस, म्हणजे तिच्यात क्षयाच्याच जातीचे कमजोर केलेले जिवंत जंतू! आईला गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब (टीएनएफ अडवणारंच दुसरं औषध) चालू असलेलं एक बाळ बीसीजीनंतर दगावल्याची नोंद 2010 मध्ये प्रसिद्ध झाली आहे. वाचल्यापासून झोप उडाली आहे.

ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अ‍ॅडालिमुमॅब 28 व्या आठवड्यापर्यंत थांबवलं, तर पूर्ण दिवसांच्या बाळाला नेहमीच्या लसी देता येतात. पण तिकडे सरसकट सगळ्या बाळांना जन्मल्या जन्मल्या बीसीजी टोचत नाहीत. मग तो हिशोब आपल्याकडे कसा लावायचा?

दुसरं म्हणजे बाळंतपण माहेरी, तालुक्याच्या गावी. तिथे डिस्चार्जच्या आधी सिस्टर बीसीजी देऊन मोकळ्या होतात. अशा वेळी कुणी काय केलं? सर्टोलिझुमॅब हे त्याच गटातलं औषध वारेतून जवळजवळ जात नाही म्हणे. कुणी त्यावर बदलून घेतलं का?

प्रतिसाद:

मला क्रोन्स (आतड्यांच्या सुजेचा आजार) आहे, इन्फ्लिक्सिमॅब शेवटपर्यंत चालू होतं. आम्ही बीसीजी सहा महिन्यांनंतर दिली. सरकारी वेळापत्रकातही ती वर्षाच्या आत देता येते, तेव्हा 'आत्ताच द्यायला हवी' म्हणून कुणी घाई केली तर बधू नका. हेपॅटायटिस बी जन्मतःच दिली, ती जिवंत लस नाही. पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस मात्र जिवंत, त्यांचं बालरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोलून ठेवा. सर्टोलिझुमॅबचा मला अनुभव नाही.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टांकडून औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि 'बीसीजी देऊ नये' असं लेटरहेडवर घ्या. एक प्रत फाइलच्या पहिल्या पानावर, एक लसीकरण कार्डाला टाचून. तुम्ही लेबर रूममध्ये असाल तेव्हा बाळाजवळ जो असेल त्याला हे पाठ हवं. आमच्याकडे ही जबाबदारी माझ्या आईने घेतली होती, आणि तिने सिस्टरांना खरंच परत पाठवलं. पल्स पोलिओच्या ताई दारात येतील तेव्हाही कार्ड दाखवा.