मदत हवी आहे: मालिकेतली शरणागती आणि देवाची कृपा

नमस्कार मंडळी. आमच्या महिला मंडळात मला 'मालिकांमधली भक्ती' या विषयावर बोलायचंय. 'जय जय स्वामी समर्थ' ही मालिका डिसेंबर 2020 मध्ये कलर्स मराठीवर सुरू झाली तेव्हापासून आमच्या सासूबाई ती पाहतात, त्यामुळे मीही पाहते. आवडतेही. तरी एक गोष्ट खटकते. घरातलं माणूस हरतं, स्वामींपुढे डोकं टेकतं, आणि थोड्याच वेळात अडचण सुटते. मग ही शरणागती म्हणायची की नवस? नवसात अट असते, शरणागतीत ती नसावी ना?

संत सखूच्या कथेतही चमत्कार आहेच. कऱ्हाडची ही सून पंढरपूरला गेली आणि तिच्या जागी विठ्ठल सासरी राबला. पण सखूने तसं काही मागितलं नव्हतं, म्हणून ती कथा मला वेगळी वाटते. तुकोबांचं तर त्याहून अवघड. 1630 च्या आसपासच्या दुष्काळात त्यांची बायको अन्नावाचून गेली, हे त्यांनीच अभंगात सांगितलंय. तिथे कोणी वाचवायला आलं नाही, तरी भक्ती वाढलीच. (हे मालिकेत दाखवलं तर टीआरपीचं काय होईल देव जाणे!)

तर विचारायचं असं, की अडचण न सुटताही कृपा झाली असं दाखवणारा एखाद्या कौटुंबिक मालिकेतला प्रसंग कोणाला आठवतो का? मराठी नसली तरी चालेल. जनाबाई किंवा चोखोबांचे या अर्थाचे अभंगही सुचवा. मंडळात बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत, त्यामुळे भाषा सोपी हवी.